पगार, तास आणि ओव्हरटाइम: बेळगाव सीमाभागातल्या मालकांचे नेहमीचे प्रश्न

उद्यमबागेतले फौंड्रीवाले, खडेबाजारचे दुकानदार, शहापूर-वडगावचे मागवाले, निपाणीचे विडीवाले आणि खानापूरकडचे वीटभट्टीवाले आम्हाला जे विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. आमच्या भागात पगार बुडवणारे मालक थोडे आहेत, पण दिलेला पगार न लिहिणारे फार. कामगार खात्यापुढे मात्र दोघांना एकाच बाकावर बसावं लागतं. पगार दिला नाही अशी तक्रार आली, तर तो दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. पुढची बरीच उत्तरं या एका कलमाकडे येऊन थांबतात.

कामगार चंदगडचा, कारखाना उद्यमबागेत. दर महाराष्ट्राचा लावायचा की कर्नाटकाचा?

कर्नाटकाचा. काम जिथं होतं तिथला दर लागतो. कामगाराचं रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता किंवा मतदान कुठल्या राज्यातलं आहे याचा किमान वेतनाशी संबंध नाही. उलट बाजूनंही हेच. बेळगावच्या मालकानं शिनोळीत शेड टाकली, तर तिथल्या कामगारांना महाराष्ट्राचे दर. मालक टिळकवाडीत राहतो आणि हिशेब बेळगावात होतो, म्हणून शिनोळीची माणसं कर्नाटकाच्या मस्टरवर (हजेरी-पगाराच्या वहीवर) दाखवता येत नाहीत. दोन शेड म्हणजे दोन मस्टर.

अडचण होते ती दोन्हीकडे फिरणाऱ्या माणसाची. फिटर आठवड्यातले चार दिवस उद्यमबागेत आणि दोन दिवस शिनोळीत. अशा वेळी दोन्हींपैकी जो दर जास्त असेल तोच महिनाभर द्यावा, असं आम्ही सांगतो. दिवस मोजून फरक काढत बसण्यात वाचणारे पैसे हिशेबनिसाच्या वेळेतच जातात.

व्यवसाय कराचं गणितही दोन्ही बाजूंना वेगळं आहे. कर्नाटकात महिना २५,००० रुपयांपासून पुढच्या पगारावर तो कापला जातो. महाराष्ट्रात पुरुषांसाठी ही रेषा पुष्कळच खाली आहे, आणि स्त्रियांना २५,००० पर्यंत माफी आहे.

नवे कामगार कायदे खरंच लागू झाले, की अजून चर्चाच?

लागू झाले. वेतन संहिता २०१९ आणि तिच्या जोडीच्या तीन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. किमान वेतन कायदा १९४८, वेतन प्रदान कायदा १९३६, बोनस कायदा १९६५ आणि समान मोबदला कायदा १९७६ हे चारही वेतन संहितेत विरले. जुन्या कायद्यांखाली निघालेल्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, त्यामुळे ‘जुना कायदा गेला, आता दरच नाही’ हा काही मालकांचा आनंद औट घटकेचा आहे.

कर्नाटकाचा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा १९६१ आणि राष्ट्रीय व सणाच्या सुट्ट्यांचा कायदा १९६३ हे राज्याचे कायदे. ते या संहितांनी रद्द केलेले नाहीत.

आमच्याकडे चारच माणसं. आम्हाला हे सगळं लागू?

किमान वेतन, वेळेवर पगार, बेकायदा कपात या बाबतीत एक माणूस असला तरी लागू. संख्या येते ती इतर ठिकाणी. ईएसआयला (कामगार राज्य विमा) १०, पीएफला २०, बोनसला २०. कारखाना या व्याख्येसाठी नव्या संहितेत वीज वापरत असाल तर २० आणि नसाल तर ४० कामगार लागतात. पूर्वी हे आकडे १० आणि २० होते. त्यामुळे चौदा माणसांचं लेथ-वर्कशॉप आता व्याख्येनं कारखाना राहत नाही. पण दहाच्या वर कामगार असल्यामुळे तास, साप्ताहिक सुट्टी आणि ओव्हरटाइमचे नियम त्याला चिकटून राहतातच.

किमान वेतन नेमकं कसं बघायचं?

कर्नाटकात ते उद्योगानुसार, कौशल्यानुसार आणि क्षेत्रानुसार ठरतं. अधिसूचनेत आधी आपला उद्योग शोधायचा, मग आपलं गाव कुठल्या क्षेत्रात येतं ते, आणि शेवटी कामगार अकुशल, अर्धकुशल, कुशल की अतिकुशल ते. बेळगाव शहर आणि खानापूर तालुक्यातलं खेडं एकाच रकान्यात येईल असं धरून चालू नका.

मूळ दराला महागाई भत्ता जोडायचा असतो आणि तो दर १ एप्रिलला बदलतो. तपासणीत सापडणारी सर्वांत सामान्य चूक हीच. पगार मागच्या वर्षी बरोबर होता, एप्रिलमध्ये कुणी बघितलं नाही, आणि वर्षभराचा फरक तुंबला. त्याच्या खालोखाल चूक कागदावरच्या नावाची. मोल्डिंगचा मेस्त्री पंधरा वर्षं साचे भरतोय आणि मस्टरवर ‘हेल्पर’ आहे. अधिकारी आधी मस्टर बघत नाही, आधी शॉपफ्लोअरवर जाऊन त्या माणसाचं काम बघतो.

कामगार स्वतःच म्हणतो, कमी द्या पण कामावर ठेवा. लिहून घेतलं तर?

स्टॅम्पपेपर वाया जाईल. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं शून्य आहे.

बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवले की पीएफ वाचतो ना?

वाचायचा. आता वेतनाची व्याख्या बदलली आहे. घरभाडे, प्रवासभत्ता वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

समजा एकूण २०,००० रुपये. बेसिक ८,०००, घरभाडे ७,०००, प्रवास ५,०००. वगळलेल्या रकमा झाल्या १२,०००. निम्मे म्हणजे १०,०००. वरचे २,००० परत वेतनात आले आणि कायद्याच्या दृष्टीनं वेतन ठरलं १०,०००. पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी यांचा हिशेब मग याच आकड्यावर. ‘विशेष भत्ता’ असं मोघम नाव देऊन ठेवलेली रक्कम वगळण्याच्या यादीत आहे का, तेही एकदा पाहा. पगाराची रचना बदलायची असेल तर ती कामगाराच्या हातात पडणारी रक्कम न घटवता बदला, नाहीतर वाचलेला पीएफ युनियनच्या बैठकीत खर्च होतो.

ओव्हरटाइम सिंगल देतो, सगळेच देतात. चालतं का?

सगळेच देतात हे खरं, चालत नाही हेही खरं. नेहमीच्या दिवसाच्या पुढे गेलेल्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट.

आकड्यात बघू. महिना १५,६०० रुपये. २६ नं भागलं तर रोज ६००. आठ तासांनी भागलं तर तासाला ७५. ओव्हरटाइमचा, म्हणजे ओटीचा, तास १५०. रोज दोन तास याप्रमाणे महिन्याला ५२ तास ओटी झाली, तर ७,८०० रुपये. ‘सिंगल’ देणारा मालक ३,९०० देतो आणि उरलेले ३,९०० दर महिन्याला देणं म्हणून साठवत जातो. एका कामगाराचे वर्षाला ४६,८०० झाले. दावा तीन वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो आणि शेडमध्ये असे वीस कामगार असतील, तर गुणाकार तुम्हीच करा.

सीझनमध्ये ऑर्डर दाबून येते तेव्हा मालक दोन गोष्टी करतात. एक, बारा तासांचा रोज ठरवून टाकतात: ‘बारा तासांचे आठशे.’ असा रोज कायद्याला ओळखता येत नाही. आठ तासांचं वेतन आणि वरच्या चार तासांची दुप्पट मिळून ती रक्कम होते का, एवढंच बघितलं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे ओटीचे पैसे चहापाणी म्हणून पाकिटातून देतात. पैसे खरे दिलेले असतात, कधीकधी दुपटीनंही, पण हजेरीपटावर आठच तास असतात आणि गेटच्या वहीत बारा. पुढं वाद झाला की गेटची वही पुरावा होते आणि पाकीट होत नाही.

नव्या संहितेप्रमाणे रोजचे तास आठ आणि ओटीला कामगाराची संमती लागते. थांबायला नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवणं अंगाशी येईल.

लाईट गेली, माग बंद. बसून राहिलेल्या वेळेचा पगार द्यायचा?

रोजंदारीवरचा माणूस वेळेवर हजर आहे, काम करायला तयार आहे आणि तुम्ही काम देऊ शकला नाही, तर पूर्ण दिवसाचं वेतन. त्याला दुपारी दोनला घरी पाठवून अर्धा रोज हातावर ठेवता येत नाही. कामगार स्वतःच काम नाकारून गेला असेल तर गोष्ट वेगळी.

दुकानाचे तास किती?

१९६१ च्या कायद्यात दिवसाला ९, आठवड्याला ४८. सलग पाच तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती. विश्रांती धरून सकाळच्या हजेरीपासून रात्रीच्या सुट्टीपर्यंतचा पसारा १२ तासांच्या आत. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. खडेबाजार आणि गणपत गल्लीत लग्नसराईत सकाळी नऊला शटर उघडतं आणि रात्री दहाला पडतं, म्हणजे पसाराच तेरा तासांचा झाला. तिथं माणसं दोन पाळ्यांत बोलवावी लागतील. दुकान उघडं ठेवणं हा एक प्रश्न आणि एकाच पोराला दिवसभर उभं ठेवणं हा दुसरा.

तीन लेटमार्क म्हणजे एक खाडा, असा आमचा नियम आहे.

नियम बदला. गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर झाला तर अर्ध्या तासाचे पैसे. त्यापुढं शिस्त लावायची असेल तर दंडाची रीतसर वाट आहे: कुठल्या कृत्याला दंड ते सरकारच्या पूर्वपरवानगीनं नोटिशीत जाहीर केलेलं हवं, कामगाराला बाजू मांडू द्यायला हवी, दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर नको, आणि ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही. दंडाची रक्कम मालकाच्या गल्ल्यात जात नाही, ती कामगारांच्या हितासाठी वापरायची. हे ऐकल्यावर बहुतेकजण दंडाचा विचार सोडून देतात.

माल बिघडवला, माप तोडलं, अशी नुकसानभरपाई कापता येते. पण वस्तू त्याच्या ताब्यात दिलेली होती आणि त्याच्याच निष्काळजीपणानं गेली हे दाखवावं लागतं. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत.

पगाराची तारीख?

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. आठवड्याचा असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, रोजंदारी पाळी संपताना. पार्टीचं पेमेंट आलं नाही हे कारण कायद्यात नाही.

माणूस सोडून गेला किंवा काढला, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण. ‘पुढच्या महिन्याच्या पगारात ये’ ही जुनी रीत आता चालणार नाही. राजीनामा देणाऱ्यालाही हीच मुदत.

उसाच्या टोळीला उचल दिली आहे. ती फिटेपर्यंत रोज द्यायचा की नाही?

द्यायचा. हा प्रश्न नाजूक आहे, कारण अख्खा गळीत हंगाम उचलीवर चालतो. मुकादम बीडकडून टोळी आणतो, कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, उचल (आगाऊ रक्कम) घेतो आणि माणसं चार-पाच महिने फडात राहतात. उचल देणं गुन्हा नाही. पण उचल फिटत नाही म्हणून माणसाला जाऊ न देणं, किमान वेतनाखाली राबवून घेणं, त्याच्या बायकोचं काम हिशेबातच न धरणं हे वेठबिगारी प्रथा निर्मूलन कायदा १९७६ च्या कक्षेत जातं. तिथं बाब दिवाणी राहत नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायको अशी मोजणी टोळीत चालते. कायद्याच्या नोंदीत मात्र दोन कामगार, दोन नावं, दोन हिशेब. मुकादमाच्या हातात एकरकमी पैसे देऊन ‘त्याचं तो बघेल’ म्हणणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं की ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी ज्याचं काम आहे त्याच्यावर येते. टनामागे दर ठरलेला असला तरी टोळीतल्या प्रत्येकाच्या नावानं किती टन, किती दिवस, किती उचल वळती झाली याची वही फडातच ठेवावी. खानापूरच्या वीटभट्ट्यांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

निपाणीत विड्या घरी वळल्या जातात. त्या बायका आमच्या कामगार कशा?

घरी वळत असल्या तरी पान-तंबाखू तुमचं आणि माल तुमचा, म्हणून कामगार तुमच्याच. विडी आणि सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यानंच घरी बसून काम करणाऱ्या कामगारांना कायद्याच्या आत घेतलं. दर हजार विड्यांमागं ठरतो. मधल्या ठेकेदाराच्या नावावर त्यांना दाखवून मोकळं होता येत नाही.

वादाचं मूळ बहुधा छाटात असतं. संध्याकाळी माल मोजताना शेकड्यात किती विड्या बाजूला काढायच्या हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर असतं, आणि छाटलेल्या विड्या फेकल्या जात नाहीत हे त्या बायकांनाही ठाऊक असतं. दर पूर्ण आणि छाट मनमानी, म्हणजे दर कमीच. रोजचा छाट प्रत्येकीच्या पुस्तकावर तिच्यासमोर लिहा.

बायकांना रोज थोडा कमी असतो, पूर्वीपासून.

काम सारखं तर वेतन सारखं. १९७६ पासून कायदा आहे आणि वेतन संहितेत तो पहिल्याच प्रकरणात आहे. पुरुषाचा दर कमी करून बरोबरी साधायलाही बंदी आहे.

१ नोव्हेंबरला सुट्टी द्यायची का?

द्यायची, आणि पगारी. १९६३ च्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या ठरलेल्या सुट्ट्या आणि शिवाय सणांच्या पाच. १९५६ पासून या दिवशी एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे सीमाप्रश्नावरून मराठी माणूस काळा दिन पाळतो. कामगारानं काय पाळावं हा मालकाचा विषय नाही, सुट्टी देणं हा आहे. त्या दिवशी काम घेतलं तर दुप्पट वेतन, किंवा त्या दिवसाचं वेतन आणि बदली पगारी सुट्टी.

सणांच्या पाच सुट्ट्या ठरवताना गणेशचतुर्थी आणि दिवाळीवर वाद होत नाही. बेळगावात वैशाखातली शिवजयंती आणि चित्ररथांचा दिवस यादीत घ्यावा की नाही यावर होतो. घेतला नाही तरी त्या रात्रीच्या पाळीला किती माणसं येतात ते पाहून ठरवा.

मतदानाची सुट्टी वेगळी. चंदगडचा मतदार तुमच्याकडे कामाला असेल, तर महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानादिवशी त्याला पगारी सुट्टी द्यावी लागते, कर्नाटकात त्या दिवशी निवडणूक नसली तरी. रोजंदारीवरच्यालाही.

नोटीस बोर्ड कुठल्या भाषेत?

बोर्डावर दर, पगाराची तारीख-वेळ, कायद्याचा सारांश आणि निरीक्षकाचं नाव-पत्ता हवा. तो कन्नडमध्ये लावा. दुकानाच्या नामफलकावर तर साठ टक्के कन्नडची अट आहेच. पण कन्नडखाली मराठीतही लावा, असं आम्ही आग्रहानं सांगतो. बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत सूचना लावण्याचं तत्त्व कारखाने कायद्यापासून चालत आलं आहे. कामगाराला वाचता न येणाऱ्या भाषेतल्या नेमणूकपत्रावर घेतलेली सही, वाद झाल्यावर फार थोडं वजन देते.

शिकाऊ पोरगं आहे, त्याला कसला पगार?

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ खाली रीतसर नोंद झालेला असेल तर विद्यावेतन. नसेल तर तो कामगार, तुम्ही त्याला काहीही म्हणा. चौदाच्या आतलं असेल तर कामावर ठेवायचंच नाही. चौदा ते अठरामधल्यांना धोक्याची कामं बंद, आणि ओतकामाच्या भट्टीजवळ तर नकोच.

दिवाळीला मिठाईचा पुडा आणि पाचशे रुपये देतो. तो बोनस झाला ना?

पाचशे रुपये झाले, पुडा नाही. बोनस किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. वर्षात ३० दिवस काम केलेल्यालाही तो प्रमाणात मिळतो. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा, म्हणजे मार्चअखेर वर्ष असेल तर ३० नोव्हेंबरच्या आत, आणि दिवाळी त्यात बसतेच. रिवाजानं आगाऊ दिलेली रक्कम बोनसमधून वजा होते, सही घेतलेली असेल तर. नव्या धंद्याला पहिल्या पाच वर्षांत नफा झालेल्या वर्षापुरताच बोनस.

पगार रोखीत दिला तर?

चालतो, पण बँकेतून द्या. रोख द्यायचीच असेल तर रक्कम अक्षरात लिहून सही किंवा अंगठा. कोऱ्या मस्टरवर वर्षभराच्या सह्या आधीच घेऊन ठेवणारे महाभाग अजून आहेत. एकाच शाईत, एकाच झटक्यात मारलेल्या बारा सह्या ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पगारचिठ्ठी प्रत्येकाला द्यावीच लागते. घरकामासाठी किंवा शेतीसाठी पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्याला नोंदवह्यांतून सूट आहे, वेतनातून नाही.

निरीक्षक आला आणि चूक सापडली. थेट खटला?

सहसा नाही. पहिल्या वेळी लेखी सूचना देऊन दुरुस्तीला मुदत मिळते. तीच चूक पाच वर्षांत पुन्हा सापडली तर ही सवलत नाही. देण्यापेक्षा कमी पैसे दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदी न ठेवल्याबद्दल १०,००० पर्यंत.

मालक या आकड्यांना घाबरतात. खरं भ्यायला हवं ते दाव्याला. थकबाकी तर द्यावी लागतेच, वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो.

मागच्या वर्षांचा फरक आता स्वतःहून भरला तर उपयोग होईल?

होईल. तीन वर्षांचे मस्टर काढा. आधी ओटीचा फरक, मग एप्रिलच्या महागाई भत्त्याचा, या क्रमानं कामगारवार तक्ता करा. सोडून गेलेल्यांची नावंही त्यात घ्या, दावे बहुधा त्यांच्याकडूनच येतात. रक्कम बँकेतून पाठवा आणि कुठल्या महिन्याचा कसला फरक हे लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाला मराठीत द्या. एकदम जमत नसेल तर हप्ते पाडा, पण पहिला हप्ता तक्त्याबरोबरच जाऊ द्या.